इन्स्टॉलर यंत्रास काय विचारतो?

शिंपी माप घेतल्यावांचून कापडास कात्री लावीत नाहीं. संगणकावर नवा प्रोग्रॅम बसविणारा ‘इन्स्टॉलर’ही पहिली चौकट दाखविण्यापूर्वीं यंत्राची चौकशी करतो. ती चौकशी कसली असते, व ती कोठें अपुरी पडते, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

पहिला प्रश्न असा : यंत्रावरील विंडोज ३२ बिटांची कीं ६४ बिटांची? ६४ बिटांचा प्रोग्रॅम ३२ बिटांच्या विंडोजवर चालत नाहीं; म्हणून सुजाण इन्स्टॉलर योग्य प्रत स्वतःच निवडतो, त्याविषयीं आपणांस विचारीत नाहीं. दुसरा प्रश्न आवृत्तीचा. विंडोज फार जुनी असल्यास तो आरंभींच तसें सांगून थांबतो.

तिसरा प्रश्न भाषेचा, आणि खरी अडचण येथेंच आहे. विंडोजनें प्रत्येक भाषेस क्रमांक दिला आहे, मराठीचा ११०२. जॉर्डन रसेल यांचें ‘इनो सेटअप’ हें इन्स्टॉलर बनविण्याचें साधन १९९७ सालीं निघालें. त्यानें बनविलेला इन्स्टॉलर सामान्यतः विंडोजच्या मेनूंची भाषा पाहतो व ती आपल्या यादींत शोधतो. न सांपडल्यास यादींतील पहिली भाषा धरतो.

परंतु मेनूंची भाषा ही यंत्राची भाषा होय, वाचकाची नव्हे. आमचें मुरुम कर्नाटकाच्या सीमेजवळचें. येथें एकाच घरांत वडील मराठी वाचतात, आजी कन्नड बोलते, मुलगा इंग्रजी शिकतो. आणि विकत आणलेल्या संगणकाचे मेनू मात्र इंग्रजी! मग वडील न वाचतांच ‘नेक्स्ट’ दाबीत जातात. अशा वेळीं एका चौकटींतील खूण तशीच राहून नको असलेला दुसरा प्रोग्रॅमही घरांत शिरल्याचें आम्हीं पाहिलें आहे.

यावर उपाय सोपा आहे. इन्स्टॉलरनें ताडलेली भाषा आधीं निवडून ठेवावी, पण भाषांची यादी अवश्य दाखवावी, आणि प्रत्येक भाषेचें नांव तिच्याच लिपींत लिहावें. ‘इनो सेटअप’मध्यें ही सोय आहे, ती वापरणें कर्त्याच्या हातीं असतें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कित्येक उद्यां प्रोग्रॅम लिहितील. यंत्रास जें ठाऊक आहे तें माणसास विचारूं नका. माणसासच जें ठाऊक आहे तें यंत्राच्या तर्कावर सोडूं नका. आणि तोंपर्यंत, घरीं नवा प्रोग्रॅम बसवितांना प्रत्येक चौकट वडिलांस वाचून दाखवा.