विमानतळावरचा चार्जर महाग पडतो

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर कुणाची मुलगी लंडनला निघते, कुणाचा मुलगा दुबईला कामावर जातो, कुणी पै-पै साठवून श्रीलंकेच्या धम्मयात्रेला जातात. निरोपाला सारी वस्ती लोटते. चटणी-लोणच्याची बांधाबांध रात्रभर चालते. चार्जरची आठवण मात्र होते ती विमानतळावर, सुरक्षा तपासणी संपल्यावर! मग आतले दुकान सांगेल ती किंमत मोजण्यावाचून इलाज नसतो.

१९१३ साली बाबासाहेब बोटीने अमेरिकेस गेले, तेव्हाचा कारभार कागदावरचा होता. आज तिकीट, विद्यापीठाचे पत्र, उतरण्याचा पत्ता सारे फोनमध्ये असते. परक्या शहरात फोन बंद पडला की लेकरू गोंधळते आणि इकडे माऊली रात्रभर जागी राहते. तेव्हा ही बाब किरकोळ समजू नका. पत्ता व दोन फोन नंबर कागदावर लिहून खिशात द्याच.

ब्रिटन, दुबई, सिंगापूर येथे तीन चपट्या पायांची पिन लागते. आपली गोल पिन तिथे बसत नाही. श्रीलंकेतही आता तीच पिन ठरली आहे. जर्मनी, फ्रान्स, नेपाळमध्ये मात्र आपल्या मोबाईल चार्जरची दोन बारीक गोल पायांची पिन चालते. तिथे फोनसाठी अॅडॅप्टर घेणे म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय अॅडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब नाही. चार्जरवर बारीक अक्षरांत १००-२४० व्होल्ट लिहिले असेल तर तो जगभर चालतो. आपला २३० व्होल्टचा मिक्सर मात्र अमेरिकेच्या १२० व्होल्टवर नीट फिरणार नाही. तो घरीच राहू द्या.

पॉवर बँकेची गोष्ट वेगळी. ती विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत कधीही ठेवू नये. हातातल्या बॅगेतच ठेवावी. आतल्या लिथियम बॅटरीने पेट घेतला तर सामानकक्षात ती आग हाताशी येत नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात उभ्या असलेल्या प्रवासी विमानाला आग लागली. तपासात पॉवर बँकेवरच संशय आला. सुदैवाने सारे प्रवासी बचावले. साधारण मर्यादा १०० वॅट-अवरची आहे. २०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-अवर भरते, म्हणजे चालते. मात्र आकडा पुसलेली असेल तर अडवतात. विमानात ती वापरायलाही अनेक कंपन्यांनी मनाई केली आहे. फोन घरूनच पूर्ण चार्ज करून निघावे.

खरेदी आठ दिवस आधी करावी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, नागपुरात सीताबर्डी आहेच. स्वस्ताच्या मोहात बीआयएसची खूण नसलेला माल घेऊ नये. विमानतळावर घ्यावेच लागले तर छापील किंमत वाचा. आपल्याकडे विमानतळावरही एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि १ जानेवारी २०१८ पासून एकाच वस्तूवर दोन ठिकाणी दोन एमआरपी छापण्यासही बंदी आहे. बिल मागून घ्यावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.