विमान-प्रेषकाचे हवामानज्ञान

विमान-प्रेषकाचे हवामानज्ञान : उड्डाणाचा मार्ग, उंची, इंधन, भार व पर्यायी विमानतळ ठरवून विमान कंपनीच्या वतीने विमान मार्गस्थ करणाऱ्या आणि नंतर जमिनीवरून त्याच्या प्रवासावर लक्ष ठेवणाऱ्या व्यक्तीस विमान-प्रेषक म्हणतात, व्यवहारात ‘फ्लाइट डिस्पॅचर’ हे नाव रूढ आहे. अंदाज वर्तविणे हे त्याचे काम नव्हे. भारतात ते काम भारतीय हवामानशास्त्र विभाग (स्थापना १८७५) करतो. तथापि तयार अंदाज वाचता आला, एवढ्याने प्रेषकाचे भागत नाही. तो अंदाज कोठे चुकण्याचा संभव आहे, हे उमगण्याइतके हवामानविज्ञान त्यास अवगत असावे लागते. कारण अंदाजाचे रूपांतर त्याला इंधनाच्या व भाराच्या किलोग्रॅममध्ये करावयाचे असते.

खानदेशातील उन्हाळा हे याचे उत्तम उदाहरण होय. जळगाव विमानतळाचे उद्‌घाटन २०१२ मध्ये झाले व ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये तेथून मुंबईस विमानसेवा सुरू झाली. येथील धावपट्टी सु. १,७०० मी. लांब आहे. मे महिन्यात जळगावचे तापमान ४५° से.च्या वर जाते. जळगावची उंची समुद्रसपाटीपासून सु. २०० मी. असली, तरी अशा तापमानात तेथील हवा प्रमाण वातावरणातील सु. १,३०० मी. उंचीवरील, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वरच्या उंचीवरील हवेइतकी विरळ होते. विरळ हवेत पंखांवरील उत्थापन व एंजिनाची शक्ती घटते, धावपट्टीवरील धाव लांबते आणि मर्यादित लांबीच्या धावपट्टीवरून नेता येणारा भार कमी होतो. राखीव इंधनास हात लावता येत नाही; म्हणून कात्री प्रवाशांना किंवा सामानाला लागते. प्रेषकाने येथे दिवसाचे कमाल तापमान नव्हे, तर उड्डाणवेळेचे तापमान धरावयाचे असते. सूर्योदयाच्या सुमारास किमान व दुपारी दोन ते चारच्या दरम्यान कमाल, हा दैनंदिन क्रम ध्यानात घेऊन उड्डाण सकाळी ठेवल्यास पुष्कळ भार वाचतो.

मॉन्सूनपूर्व काळात दुसरी अडचण वळवाची. जळगावच्या पश्चिमेस धरणगाव–एरंडोल भागात दुपारी चढणारा ढग शेतकऱ्याला दिसतो. दूरच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या प्रेषकाला तो सांकेतिक अहवालातील दोन अक्षरांतून अथवा रडार व उपग्रह चित्रांतून ओळखावा लागतो. गडगडाटी ढगाखालून सुटणारा जोरदार अधोवात वाऱ्याची दिशा व वेग काही मिनिटांत बदलतो. असा ढग सामान्यतः तासा-दोन तासांत ओसरतो, हे ज्याला ठाऊक आहे, तो विमान रद्द करण्याऐवजी घिरट्यांपुरते जादा इंधन देईल.

पर्यायी विमानतळाची निवड ही प्रेषकाच्या ज्ञानाची खरी कसोटी. पावसाळ्यात मुंबईस जाणाऱ्या विमानासाठी सुरत हा पर्याय नकाशावर सोयीचा वाटतो. परंतु कोकणापासून दक्षिण गुजरातपर्यंत किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा पसरला असता दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मुसळधार पाऊस असू शकतो. अशा वेळी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील छत्रपती संभाजीनगर अधिक भरवशाचे ठरते. याउलट, एकाच शहरातही मोठी तफावत पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस होऊन विमानतळ बंद पडला, तर कुलाब्यास केवळ ७३ मिमी. पाऊस नोंदला गेला. प्रादेशिक अंदाज विमानतळावर जसाच्या तसा लागू करणे किती धोक्याचे असते, हे यावरून दिसते.

अमेरिकेत प्रेषकास परवाना लागतो. त्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम किमान २०० तासांचा असून त्यात हवामानविज्ञानास मोठे स्थान आहे. नियमित विमानसेवेत उड्डाणाच्या सुरक्षिततेस तेथे कप्तान व प्रेषक संयुक्तपणे जबाबदार असतात. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता आवश्यक असते. उड्डाणाची आकडेमोड आता संगणक करतो; त्यास पुरविलेला वारा व तापमान विश्वसनीय आहेत की नाहीत, हे मात्र प्रेषकालाच ठरवावे लागते.