भातुकली हा रिकामा उद्योग नव्हे

बालवाडीच्या पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘इथे नुसतं खेळतात, शिकत काहीच नाहीत.’ बोट असतं ते बहुतेक वेळा वर्गाच्या एका कोपऱ्याकडे. तिथे जुना कुकर, दोन ओढण्या, बंद पडलेला फोन, चार पेले आणि एक बाहुली असते. चार वर्षांची मुलं तिथे आई होतात, डॉक्टर होतात, एसटीचे कंडक्टर होतात. चित्र रंगवलेलं पालकांना चालतं, कारण कागद घरी येतो. गाणी चालतात, कारण ती पाहुण्यांसमोर म्हणून दाखवता येतात. खोटं खोटं खेळून घरी काहीच येत नाही. म्हणून तो वेळ वाया गेला असं धरतात, आणि पुढच्या वर्षी पोराचं नाव तीन वर्षांच्या मुलांना पेन्सिल धरायला लावणाऱ्या शाळेत घालतात.

हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. तो मायेपोटी होतो, आणि तरीही मुलाच्या हातून फार मोलाची गोष्ट काढून घेतो. अक्षरं सहाव्या वर्षीही येतात. रडणाऱ्या मित्राजवळ जाऊन बसावं, आपल्या मनासारखं झालं नाही तरी खेळ मोडून निघून जाऊ नये, दोघांचं ऐकून तिसरी वाट काढावी, हे शिकायला पाटी-पेन्सिल लागत नाही. बरोबरीची मुलं लागतात आणि सवड लागते.

त्या कोपऱ्यात काय चालतं ते जरा कान देऊन ऐका. ‘समज, तू आजारी पडलीस आणि मी डॉक्टर.’ ‘कालपण मीच आजारी होते. आज मी डॉक्टर.’ ‘मग आपण दोघी डॉक्टर. बाळ आजारी.’ बाहुली येते. तिसरा मुलगा म्हणतो, ‘मी पण.’ ‘तू बाबा. बाळाला ताप आलाय, तू घाबरलास.’ तो थोडा वेळ घाबरतो, मग सांगतो, ‘मला नाही घाबरायचं, मला रिक्षा चालवायचीय.’ दोघी विचारात पडतात. शेवटी ठरतं, बाळाला दवाखान्यात न्यायला रिक्षा लागणारच. खेळ पुढे सुरू.

बाहुलीला ताप नाही, हे तिघांनाही पक्कं ठाऊक असतं. तरी ताप आहे असं धरून तिघं वागतात. ॲलन लेस्ली या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’मधल्या एका गाजलेल्या लेखात यावरच बोट ठेवलं. केळं कानाला लावून ‘हॅलो’ म्हणणारं मूल केळं हे केळंच आहे हे विसरत नाही आणि तरीही त्याला फोन मानतं. समोरचा माणूस आपल्यापेक्षा वेगळं काही मानत असेल, हे ओळखायलाही मनाची हीच ताकद लागते, असं लेस्लीचं म्हणणं होतं. ती ताकद उपजत पूर्ण तयार नसते. १९८३ मध्ये विमर आणि पेर्नर या संशोधकांनी मुलांना एक छोटी गोष्ट सांगितली. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आणि त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची बहुतेक मुलं चॉकलेट जिथे आहे तीच जागा दाखवतात. आपल्याला माहीत आहे ते मॅक्सीला माहीत नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही. चार ते पाच वर्षांच्या दरम्यान उत्तर बदलू लागतं. भातुकलीचा बहरही नेमका याच वर्षांत असतो.

दुसरी गोष्ट भूमिकेची. मूल ‘आई’ होतं तेव्हा ते आईचा आवाज, आईची घाई, आईचं रागावून मग जवळ घेणं, सगळं आतून करून बघतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की यांनी १९३३ च्या एका व्याख्यानात दोन सख्ख्या बहिणींचं उदाहरण दिलं आहे. एक पाच वर्षांची, एक सात. एके दिवशी त्या ‘बहिणी-बहिणी’ खेळायचं ठरवतात. रोज त्या बहिणीच असतात, पण बहीण कशी वागते याचा विचार करत नाहीत. खेळात मात्र एकसारखे कपडे घालतात, हात धरून चालतात, बहिणीने कसं वागावं याचा नियम पाळतात. नातं म्हणजे काय हे त्यांना त्या खेळात दिसतं. याच परंपरेतल्या मॅनुइलेन्को यांचा १९४८ चा प्रयोगही सांगण्यासारखा आहे. ‘हलू नकोस, उभा राहा’ असं नुसतं सांगितलं तर लहान मूल फार वेळ टिकत नाही. पहारेकऱ्याची भूमिका दिली की तेच मूल कितीतरी जास्त वेळ निश्चल उभं राहतं. मन आवरायची सवय इथे लागते.

तिसरी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे खेळातली ठरवाठरवी. वरच्या दवाखान्यात प्रत्यक्ष तपासणी कमी आणि वाटाघाटीच जास्त आहेत, हे लक्षात आलं असेल. कोण काय होणार, पुढे काय घडणार, नव्या भिडूला कुठे बसवायचं. तिथे हुकूम चालत नाही, कारण दुसरा कधीही ‘मी नाही खेळत जा’ म्हणून उठू शकतो. आणि तो उठला की आपलाही खेळ संपतो. मोठ्या माणसासमोर मुलाला हा धोका नसतो. आई कितीही चिडली तरी आईच राहते. मैत्री टिकवावी लागते ती बरोबरीच्याची.

‘हे सगळं कल्पनेचे इमले झाले, पुरावा काय?’ असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच आहे. लिझ यंगब्लेड आणि ज्युडी डन यांनी १९९५ मध्ये ‘चाइल्ड डेव्हलपमेंट’मध्ये ५० मुलांचा अभ्यास मांडला. ३३ महिन्यांची असताना ही मुलं घरी आई आणि भावंडांबरोबर कशी खोटं खोटं खेळतात ते बघितलं होतं. पुढे ४० महिन्यांची झाल्यावर इतरांच्या भावना आणि समजुती त्यांना किती कळतात ते तपासलं. खेळ आणि जाण यांचा संबंध दिसला.

पण संबंध म्हणजे कारण नव्हे. इथे खेळाची बाजू घेणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावायला हवेत. २०१३ मध्ये अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये सगळ्या उपलब्ध संशोधनाचा कठोर आढावा घेतला. कल्पनेच्या खेळामुळेच अमुक क्षमता वाढते असं छातीठोकपणे म्हणण्याइतका भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. अनेक वाटांपैकी ती एक वाट असू शकते, एवढंच म्हणता येतं. तेव्हा ‘भातुकली खेळा, बुद्ध्यांक वाढवा’ अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका.

आढाव्यानंतर अधिक काटेकोर प्रयोग झाले. त्याच आढाव्याचे एक लेखक मॅथ्यू लर्नर आणि थालिया गोल्डस्टीन यांचा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वस्तीतली चार वर्षांची ९७ मुलं, आठ आठवडे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एक नाट्यमय कल्पनेचे खेळ खेळला, दुसऱ्याने ठोकळे रचले, तिसऱ्याला गोष्टी वाचून दाखवल्या. पहिल्या गटाची मुलं भावना आवरण्यात पुढे गेली. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखण्यात मात्र त्यांची वेगळी सरशी दिसली नाही.

हा निकाल ऐकून कुणी हिरमुसलं तर त्याने सहवेदनेचा अर्थ अर्धाच घेतला आहे. दुसरं मूल रडलं की स्वतःच भेदरून रडू लागणारं मूल त्याला मदत करू शकत नाही. मानसशास्त्रज्ञ नॅन्सी आयझेनबर्ग यांनी हा फरक वर्षानुवर्षं मांडला आहे. दुसऱ्याचं दुःख बघून आपण कोलमडणं वेगळं आणि त्याच्यासाठी काहीतरी करावंसं वाटणं वेगळं. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जायला स्वतःला सावरता यावं लागतं. ‘घाबरलेला बाबा’ होऊन बघणं, आणि नको वाटलं की त्यातून बाहेर पडणं, हा त्याचाच सराव आहे.

याउलट आपण घरी काय करतो? धक्का लागला की ‘सॉरी म्हण’. खेळणं ओढलं की ‘शेअर कर’. मूल ‘सॉरी’ म्हणतं, पडलेल्याकडे बघतही नाही आणि पळून जातं. शब्द शिकवायला हरकत नाही. पण तो पाठ झाला म्हणजे मूल दुसऱ्याचं दुखणं समजू लागलं, असं मानून बालवाडीतला खेळ बंद करायला सांगणं मला खरोखर सहन होत नाही.

आणि हे काही परदेशी खूळ नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तू आणि खेळ यांच्या आधारावर. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळच शिक्षणाच्या मध्यभागी ठेवला आहे. तेव्हा खेळवणाऱ्या बाईंना जाब विचारण्याआधी, तीन वर्षांच्या मुलाला दोन पानं गृहपाठ देणाऱ्या शाळेला विचारा.

उरलेले गैरसमज भराभर बघू.

‘खोटं खोटं खेळणारं मूल खोटं बोलायला शिकतं.’ नाही. खोटं बोलताना समोरच्याला फसवायचं असतं. खेळात दोघांनाही सगळं माहीत असतं, नाहीतर खेळच होत नाही.

‘न दिसणाऱ्या मित्राशी बोलतं, काहीतरी बिघडलंय.’ मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात, सात वर्षांपर्यंत जवळपास ६५ टक्के मुलांना असा सोबती कधी ना कधी होता. त्यात जिवंत मानलेली बाहुली-अस्वलंही धरली आहेत. हा सोबती खरा नाही हे मुलांना बहुतेक वेळा नीट माहीत असतं.

‘भातुकली मुलींची.’ मग बाळाला थोपटणं आणि चहा विचारणं मुलग्यांनी कुठे शिकायचं?

‘चांगली खेळणी हवीत.’ सावंतवाडीची लाकडी भातुकली सुंदर असते, जरूर घ्या. पण ओढणी, खोकं आणि वाटीने तेवढंच काम होतं.

‘टॅबवरही बाळाला भरवायचा खेळ असतो.’ तिथलं बाळ ‘मी नाही खेळत जा’ म्हणत नाही.

‘मोठ्यांनी शिकवलं तर खेळ सुधारतो.’ मुलांनी बोलावलं तर जा, पण गिऱ्हाईक किंवा रुग्ण म्हणून. ‘टोमॅटोचा रंग कुठला?’ असं विचारलंत की दुकान बंद पडतं आणि परीक्षा सुरू होते.

‘ठो-ठो खेळणारी मुलं हिंसक होतात.’ अधूनमधून चोर-पोलीस खेळल्याने काही होत नाही. मात्र डन आणि क्लेअर ह्यूज यांच्या २००१ च्या अभ्यासात, ज्या चार वर्षांच्या मुलांच्या खेळात मारामारीचीच कल्पना वारंवार येत होती, ती पुढे सहाव्या वर्षी दुसऱ्याच्या बाजूने विचार करण्यात मागे पडलेली दिसली. इथेही संबंध आहे, कारण सिद्ध नाही. पण मूल रोज फक्त मारणंच खेळत असेल तर खेळ बंद करण्याऐवजी त्याच्या आयुष्यात काय चाललंय ते बघा.

शेवटचा गैरसमज उलट्या बाजूचा आहे: ‘आमचं मूल असलं काही खेळतच नाही, शांत आहे, बरंय.’ काही मुलं कमी खेळतात, त्यांना खरी कामं जास्त आवडतात, त्यात वावगं काही नाही. पण तीन वर्षं होत आली तरी मूल कधीच काही खोटं खोटं करत नसेल, आणि त्याबरोबर नजर देत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, तर ‘मोठं झालं की होईल’ म्हणत थांबू नका. स्वमग्नतेच्या लवकर तपासणीत कल्पनेच्या खेळाविषयी मुद्दाम विचारतात, ते यासाठीच. बालरोगतज्ज्ञांना भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत येणाऱ्या डॉक्टरांच्या पथकालाही हे सांगता येतं, आणि गरज असेल तर ते मुलाला पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात.