अकादमीची मराठी कादंबरी कोणती? अंदाज बांधणाऱ्यांसाठी

आपल्या अंबाजोगाईत 1983 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. त्यांच्या 'सत्तांतर'ला साहित्य अकादमी पुरस्कारही 1983 चाच. बीडच्या वाचकांनी हा योग लक्षात ठेवावा असाच आहे!

डिसेंबर जवळ आला की वाचकांच्या गटांत या पुरस्कारासाठी नावं फिरू लागतात. पण बहुतेक जण नुकत्याच गाजलेल्या पुस्तकावर पैज लावतात आणि तिथंच फसतात. मागच्या वर्षीचं पुस्तक विचारातच नसतं. त्याआधीच्या पाच वर्षांत पहिल्यांदा छापलेली पुस्तकंच पात्र. नंदा खरे यांची 'उद्या' 2014 ची, पुरस्कार जाहीर झाला 2020 चा. म्हणजे अगदी शेवटच्या संधीला! (खरे यांनी तो नाकारला, हा भाग वेगळा.) म्हणून मुदत संपत आलेली चांगली पुस्तकं आधी बघा.

दुसरं, हा पुरस्कार फक्त कादंबरीचा नाही. 2008 ला श्याम मनोहर, त्यानंतर थेट 2020 पर्यंत एकही कादंबरी नाही! कथा, कविता, समीक्षा, आत्मकथन सगळं झालं. मग 2022 ला प्रवीण बांदेकर, 2023 ला कृष्णात खोत यांची 'रिंगाण', आणि 2024 ला पुन्हा समीक्षा, सुधीर रसाळ.

अंतिम निवड तिघांची समिती करते. दोघांचं एकमत झालं की निकाल लागतो, त्यामुळे खपाचे आकडे इथं फारसे कामाचे नाहीत.

तुमच्या मनात कोणती कादंबरी आहे? नावासोबत प्रकाशनाचं सालही लिहा.