इस्ट्रोजेनचा अंमल कुठवर

इस्ट्रोजेन हे एका पदार्थाचे नाव नसून एका कुटुंबाचे नाव आहे. त्यात इस्ट्राडायोल, इस्ट्रोन आणि इस्ट्रिऑल ही तीन संप्रेरके प्रमुख. मुलगी वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत मुख्य काम इस्ट्राडायोल करते आणि ते अंडाशयात तयार होते. गरोदरपणात वारेतून इस्ट्रिऑल मोठ्या प्रमाणात येते. पाळी गेल्यावर मागे उरते ते बहुतांशी चरबीत तयार होणारे इस्ट्रोन. तिन्हींचा मूळ कच्चा माल एकच, कोलेस्टेरॉल. त्यापासून आधी टेस्टोस्टेरॉनच्या कुळातली, म्हणजे पुरुषी समजली जाणारी संप्रेरके बनतात आणि मग अरोमाटेज नावाचे विकर त्यांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. बाईच्या रक्तातले इस्ट्रोजेन एक पायरी आधी पुरुषी संप्रेरकच असते.

रक्तातले त्याचे प्रमाण विलक्षण कमी असते. ते पिकोग्रॅममध्ये मोजतात, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमच्या एक लाख कोटी भागांपैकी एक. महिन्याच्या चक्रात एका मिलिलिटर रक्तात साधारण 30 पासून 400 पिकोग्रॅमपर्यंत इस्ट्राडायोल आढळते. एवढ्याशा मात्रेने काम भागते, कारण ते थेट पेशीच्या केंद्रकात पोहोचते. तिथे त्याची वाट पाहणारे एक प्रथिन असते, त्याला ग्राही म्हणतात. संप्रेरक ग्राहीला चिकटले की ही जोडी डीएनएवर जाऊन बसते, काही जनुके सुरू करते आणि काही बंद. एल्वुड जेन्सन यांनी 1958 च्या सुमारास शिकागोत किरणोत्सारी इस्ट्राडायोल वापरून या ग्राहीचा माग काढला. 1996 मध्ये स्वीडनमध्ये दुसऱ्या प्रकारचा ग्राही सापडला. गर्भाशय आणि स्तनांत ग्राही असणार हे अपेक्षितच होते, पण ते हाडांत, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, यकृतात, मेंदूत, मूत्राशयात आणि त्वचेतही निघाले. इस्ट्रोजेनला केवळ बाळंतपणाचे संप्रेरक मानणे त्यामुळे अपुरे ठरते.

अंडाशयाला हुकूम मेंदूतून येतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या इशाऱ्यावर पीयूषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके सोडते. एफएसएचमुळे अंडाशयातली, अंडे असलेली पुटिका वाढते आणि वाढता वाढता इस्ट्राडायोल स्रवते. त्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होते आणि गर्भाशयमुखातला स्राव पातळ, पारदर्शक, तारेसारखा लांबणारा होतो. हा स्राव निरोगी असतो. अंगावरून पांढरे जाते म्हणून घाबरलेल्या कित्येक मुलींना दुर्गंधी, खाज किंवा रंगात बदल नसेल तर कसलाही आजार नसतो, हे त्यांना वेळेवर कोणी सांगत नाही.

अंडे बाहेर पडले की रिकाम्या पुटिकेतून प्रोजेस्टेरॉन येऊ लागते. इस्ट्रोजेनने वाढवलेले अस्तर ते स्थिर करते, गर्भ रुजण्याजोगे करते आणि शरीराचे तापमान किंचित वाढवते. गर्भ राहिला नाही तर साधारण चौदा दिवसांत हा स्रोत आटतो, अस्तराचा आधार सुटतो आणि पाळी येते. गणपतीत, लग्नात किंवा वारीच्या आधी पाळी पुढे ढकलण्यासाठी घराघरांत घेतल्या जाणाऱ्या गोळ्या नेमक्या याच ठिकाणी काम करतात. त्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम संप्रेरक. गोळी चालू असेपर्यंत अस्तर टिकते. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. मोठ्या मात्रेत या औषधाचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडायोल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवू शकतो. ज्या बाईला पूर्वी गुठळी झाली आहे, तिने ही गोळी परस्पर औषधाच्या दुकानातून आणून घेणे धोक्याचे आहे.

उलट, इस्ट्रोजेन आहे पण प्रोजेस्टेरॉन नाही, अशी स्थितीही बाधते. पीसीओएस या अंडाशयाच्या विकारात अंडे वेळेवर सुटत नाही, पाळी महिनोन्‌महिने लांबते आणि अस्तर मात्र वाढत राहते. पाळी गेलेल्या लठ्ठ स्त्रीच्या चरबीत इस्ट्रोन तयार होत राहते आणि त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन नसते. दोन्ही ठिकाणी गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता वाढते. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर तपासणी टाळू नये, असे डॉक्टर बजावतात ते म्हणूनच.

हाडांवरच्या इस्ट्रोजेनच्या परिणामाबद्दल सर्वांत कमी बोलले जाते आणि तोच सर्वांत खोल आहे. हाड ही जिवंत ऊती आहे. काही पेशी जुने हाड खात असतात, काही नवे घालत असतात. इस्ट्रोजेन खाणाऱ्या पेशींना लगाम घालते. वयात येताना तेच उंची झपाट्याने वाढवते आणि शेवटी लांब हाडांच्या टोकांची वाढकूर्चा बंद करते. लवकर पाळी आलेल्या मुलींची उंची पुष्कळदा लवकर थांबते, ती यामुळे. मुलांतही हेच घडते. 1994 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका 28 वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध केली. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेनचा ग्राही जन्मतः निकामी होता. टेस्टोस्टेरॉन पुरेसे असूनही त्याची वाढकूर्चा उघडीच राहिली होती, उंची 204 सेंटिमीटर झाली होती आणि ती अजून वाढत होती, तर हाडे ठिसूळ झाली होती. पुरुषाचे हाडही इस्ट्रोजेनवरच पक्के होते, हे त्या एका रुग्णामुळे निर्विवाद झाले.

संप्रेरकाच्या जोडीला हाडाला भारही लागतो. पुण्यात खडकी येथे 1974 पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मज्जारज्जूला इजा होऊन चाकाच्या खुर्चीवर आलेल्या जवानांचे तिथे पुनर्वसन होते. अशा इजेनंतर पाय चालत नाहीत, हाडांवर वजन येत नाही आणि तरुण, सुदृढ पुरुषाच्याही मांडीच्या व नडगीच्या हाडांची घनता पहिल्या एक-दोन वर्षांत वेगाने घटते. पाळी गेलेल्या बाईत लगाम सुटतो तो इस्ट्रोजेन संपल्याने, जखमी जवानात भार गेल्याने. दोन्हीकडे हाड खाणाऱ्या पेशी वरचढ होतात. म्हणूनच ठिसूळ हाडांवर चालणे, जिने चढणे, वजन उचलणे हे औषधाइतकेच गरजेचे मानतात.

बाकीच्या अवयवांवरचे परिणाम थोडक्यात असे. यकृतात इस्ट्रोजेन चांगले कोलेस्टेरॉल वाढवते आणि वाईट कमी करते. मात्र रक्त गोठवणारी प्रथिनेही वाढवते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात ते नायट्रिक ऑक्साइड तयार करायला मदत करते, त्याने वाहिन्या सैलावतात. योनीमार्गाच्या पेशींत ते ग्लायकोजेन साठवते; त्यावर जगणारे उपकारक जिवाणू तिथली आम्लता राखतात आणि जंतुसंसर्ग रोखतात. इस्ट्रोजेन गेले की हा बंदोबस्त ढिला पडतो, कोरडेपणा येतो, लघवीला जळजळ आणि वारंवार संसर्ग होतो. मेंदूत ते तापमानाचे नियमन, झोप आणि मनःस्थिती यांवर परिणाम करते. पाळी जाताना अंगातून एकाएकी वाफा निघतात, घाम फुटतो, रात्रीची झोप मोडते, ते हायपोथॅलॅमसमधले काही मज्जापेशींचे गट इस्ट्रोजेनविना अनावर झाल्यामुळे.

स्तनाच्या कर्करोगांपैकी अनेक गाठी इस्ट्रोजेनवर पोसतात. त्यासाठी ग्राही अडवणारे टॅमॉक्सिफेन आणि अरोमाटेज बंद पाडणारी औषधे वापरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी लंडनच्या गाइज रुग्णालयात काम करताना 1991 मध्ये दाखवले, की मासिक चक्राच्या कोणत्या दिवसांत शस्त्रक्रिया झाली याचा रुग्णाच्या पुढच्या आयुष्याशी संबंध दिसतो. तो धागा धरून टाटा मेमोरियलमध्ये सुमारे एक हजार स्त्रियांवर चाचणी झाली: शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात सर्व स्त्रियांचा एकत्रित फरक ठाम नव्हता, पण काखेतल्या गाठींपर्यंत रोग गेलेल्यांमध्ये लाभ दिसला.

एकाच ग्राहीला वेगवेगळ्या अवयवांत वेगवेगळे वागायला लावता येते, याचे भारतीय उदाहरण म्हणजे ऑर्मेलॉक्सिफेन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत बनलेली ही गर्भनिरोधक गोळी आधी ‘सहेली’ नावाने आली आणि 2016 पासून ‘छाया’ नावाने सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागली. ती गर्भाशयात इस्ट्रोजेनला अडवते, हाडांत मात्र त्याच्याचसारखी सौम्यपणे वागते. तिच्यात संप्रेरक नाही. जुनी माला-एन गोळी वेगळी; तिच्यात 30 मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्राडायोल आणि सोबत लेव्होनॉरजेस्ट्रेल असते.

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी 46–47 व्या वर्षी जाते, पाश्चात्य स्त्रीपेक्षा चार-पाच वर्षे आधी. त्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत मणक्यांतले हाड वर्षाला सुमारे 2 ते 3 टक्क्यांनी झिजते. हे झाले नैसर्गिक वयाचे. महाराष्ट्रात मात्र हजारो बायकांवर पाळी थांबण्याची वेळ तिशीतच आली. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि कामाचा एक खाडा झाला तरी पैसे कापले जातात. फडावर संडास नाही, पाणी अपुरे, डोक्यावर उसाच्या मोळ्या. पांढरे जाणे, पाळीत जास्त रक्त जाणे, पोटात दुखणे या तक्रारींवर अनेकींना ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेले. 2019 मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितले, की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत 4,605 गर्भाशये काढली गेली. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे सहात एक.

ज्या तक्रारींसाठी पिशवी गेली, त्यांतल्या पुष्कळशा जंतुसंसर्गाच्या होत्या आणि गोळ्यांनी बऱ्या होण्याजोग्या होत्या. गर्भाशय स्वतः इस्ट्रोजेन बनवत नाही, म्हणून केवळ तेच काढले तर पाळी थांबते पण संप्रेरक चालू राहते. तरीही अशा बायकांची अंडाशये पुष्कळदा नेहमीपेक्षा काही वर्षे आधी थकतात. अंडाशयेही काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळते. निसर्ग जो बदल काही वर्षांत हळूहळू करतो, तो इथे टेबलावरून उतरण्याआधी झालेला असतो. मग वाफा, निद्रानाश, सांधेदुखी सुरू होते, हृदयविकाराचा धोका लवकर गाठतो, आणि जिला हंगामभर वाकून ऊस तोडायचा आहे तिचीच हाडे चाळिशीच्या आत झिजू लागतात. मजुरी बुडू नये म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेने मजुरी करण्याची ताकदच जावी, यापरता मोठा अन्याय नाही.

बीडमध्ये त्यानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. केंद्राने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले.

अंडाशये लवकर गमावलेल्या स्त्रीला नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपासपर्यंत बाहेरून इस्ट्रोजेन देणे हा मान्य उपचार आहे. त्याबद्दलची भीती प्रामुख्याने 2002 मध्ये मध्येच थांबवलेल्या एका अमेरिकी चाचणीतून आली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे औषध एकत्र घेणाऱ्यांत तिथे स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि गुठळ्या वाढलेल्या दिसल्या, तर खुब्याचे फ्रॅक्चर कमी झाले. पण त्या चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते. पस्तिशीत अंडाशये गेलेल्या बाईला तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. गर्भाशय शाबूत असेल तर अस्तराच्या रक्षणासाठी प्रोजेस्टेरॉन जोडावे लागते, काढले असेल तर एकटे इस्ट्रोजेन पुरते. त्वचेवरचा पॅच किंवा जेल यकृताला वळसा घालून रक्तात जाते, त्यामुळे गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो. स्तनाचा कर्करोग, पूर्वीची गुठळी किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्यांना हा उपचार सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी हाडांची वेगळी औषधे, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, व्यायाम आणि ठरावीक काळाने हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी हा मार्ग राहतो.