चाहत्यांचे समूह, समाजमाध्यमांची रचना आणि वादांचे नियमन : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
चाहत्यांमधील भांडणे त्यांच्या भावनाप्रधान स्वभावातून उद्भवतात, असा सर्वसाधारण समज आहे. खेळाडू, अभिनेता किंवा लेखक यांच्यावरील निष्ठा उत्कट असते आणि उत्कटतेला विवेक नसतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हे स्पष्टीकरण चुकीचे नसले तरी अपुरे आहे. बोलण्याचा, मोजण्याचा आणि बोललेले काढून टाकण्याचा अधिकार माध्यमाने कोणाला दिला आहे, यावरही वाद कोठवर जाणार हे बऱ्याच अंशी ठरते. वणी, पुसद, दारव्हा यांसारख्या तालुक्याच्या गावी चाहते एकत्र येतात ते मुख्यतः व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. म्हणून प्रस्तुत लेखात त्याच माध्यमाच्या रचनेचा प्रामुख्याने विचार केला आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्स संघाचे कर्णधारपद रोहित शर्मा यांच्याकडून हार्दिक पांड्या यांच्याकडे गेले आणि एकाच संघाचे चाहते दोन तटांत विभागले गेले. २०२४ च्या हंगामात वानखेडे मैदानावर घरच्याच कर्णधाराची हुर्यो उडविली गेली. त्याच हंगामात, मार्च महिन्यात, कोल्हापूर जिल्ह्यात सामना पाहताना रोहित शर्मा बाद झाल्याचा आनंद व्यक्त करणाऱ्या एका वयस्क गृहस्थास मारहाण झाली व त्यात त्यांचा मृत्यू झाला. ही घटना समोरासमोरची होती. तिचे खापर समाजमाध्यमांवर फोडता येणार नाही. मात्र चेष्टा आणि हिंसा यांतील अंतर किती थोडे असू शकते, हे तिने दाखवून दिले. अशी चेष्टा ज्या ग्रुपवर रोज चालते तेथे ती आवरण्याचे साधन कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्यामुळे गौण राहत नाही.

ॲडमिनचे अधिकार आणि जबाबदारी :
एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संदेश पाठविणारा व घेणारा यांच्याखेरीज कोणासही वाचता येत नाहीत. कंपनीलाही नाही. एखाद्या सदस्याने तक्रार केली तरच शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात. तक्रार वाचणाऱ्याला वऱ्हाडी टोमणा, बंजारा बोलीतील शिवी किंवा रोमन लिपीत लिहिलेली मराठी कितपत कळेल, ही शंकाच आहे. परिणामी नियमनाचा सारा भार ग्रुपच्या ॲडमिनवर येतो. हा ॲडमिन बहुधा मोबाइल दुकानदार, शिक्षक किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी असतो. त्याला ना मानधन, ना प्रशिक्षण.

त्याचे अधिकारही दीर्घकाळ दोनच होते : सदस्य घेणे आणि सदस्य काढणे. २०१८ मध्ये केवळ ॲडमिननेच संदेश पाठवावेत अशी सोय आली, म्हणजे सर्वांचे तोंड एकदम बंद करता येऊ लागले. सर्वांना गप्प करणे आणि एकाला हाकलणे या दोन टोकांच्या मध्ये मात्र काहीच नव्हते. सामन्याच्या रात्री एखाद्याने खेळाडूवरून समोरच्याच्या जातीवर घसरावे आणि ॲडमिनने काय करावे? काढले, तर काढल्याची सूचना सर्वांना दिसते आणि दुसऱ्या दिवशी तोच गृहस्थ बसस्थानकावर भेटतो. न काढावे, तर दुसरा तट पक्षपाताचा आरोप करून वेगळा ग्रुप काढतो. ग्रुप फुटतात त्यास व्यक्तीचा अहंकार जितका कारण, तितकीच ही मधली पायरी नसलेली रचनाही कारण आहे.

याच रचनेचा विचार मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये केला. यवतमाळ जिल्हा याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातील होते. ग्रुपमधील एका सदस्याने एका महिला सदस्याविषयी अश्लाघ्य भाषा वापरली. ॲडमिनने त्यास काढले नाही व माफीही मागावयास लावली नाही, म्हणून ॲडमिनवर गुन्हा दाखल झाला होता. सदस्य घेणे व काढणे एवढाच ॲडमिनचा विशेष अधिकार आहे, मजकूर येण्यापूर्वी तो तपासण्याची शक्ती त्याच्याकडे नाही; सबब पूर्वनियोजित समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय दुसऱ्याच्या मजकुरासाठी त्यास फौजदारी जबाबदार धरता येणार नाही, असे म्हणून न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. मजकूर टाकणारा सदस्य मात्र स्वतः जबाबदार राहतो.

या निर्णयाचे महत्त्व असे की, त्यात अधिकाराच्या मापानेच जबाबदारी मोजली गेली. पुढे २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसण्याचा अधिकार ॲडमिनला दिला. मधली पायरी अखेर मिळाली. मजकूर येण्यापूर्वी रोखण्याची शक्ती ॲडमिनकडे आजही नाही, त्यामुळे निर्णयाचा मुख्य आधार कायम आहे. परंतु पुसता येत असूनही पुसले नाही, असे आता त्यास विचारता येते. पूर्वी येत नव्हते. त्याच वर्षी ग्रुपची सदस्यमर्यादा २५६ वरून ५१२ आणि नंतर १०२४ झाली. ओळखीच्या मंडळींचा कट्टा एवढा वाढला की निम्मे सदस्य ॲडमिनलाही अपरिचित असावेत, आणि नियमन करणारा मात्र तोच एक.

मोजमाप आणि मज्जाव :
खुल्या माध्यमांवरील संघर्षाची जात निराळी असते, कारण तेथे आकडा दिसतो. जून २०२० मध्ये सुशांत सिंह राजपूत यांचे मुंबईत निधन झाल्यानंतर त्यांच्या चाहत्यांचा रोष ऑगस्टमध्ये 'सडक २' च्या झलकीवर उतरला आणि यूट्यूबवर तिला एक कोटीहून अधिक नापसंत्या मिळाल्या. वाढता आकडा हेच आणखी नापसंत्या देण्याचे निमंत्रण ठरले. नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबने हा आकडा लोकांपासून झाकला. नापसंतीचे बटण तसेच राहिले. केवळ धावफलक काढला गेला.

नाव वगळण्याचा अनुभव यवतमाळकरांना पडद्याबाहेरही आला आहे. जानेवारी २०१९ मध्ये येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण विरोधानंतर मागे घेण्यात आले. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला, अनेक निमंत्रितांनी संमेलनाकडे पाठ फिरविली. न झालेले ते भाषण वृत्तपत्रांतून आणि मोबाइलवरून मंडपाबाहेर सर्वत्र वाचले गेले. साहित्यरसिकही एका अर्थी चाहतेच. त्यांच्यातील वाद वक्त्याला वगळून मिटला नाही, त्याने फक्त जागा बदलली. ग्रुपमधून काढलेला सदस्य दुसऱ्या ग्रुपवर तोच वाद अधिक त्वेषाने मांडतो, तो याच न्यायाने.

ज्यास वाद नको आहे त्याला निमूटपणे बाहेर पडता येणे, हाही नियमनाचाच भाग होय. लहान गावात ग्रुप सोडणे म्हणजे उघड रुसवा समजला जातो, कारण सोडल्याची सूचना सर्वांना दिसत असे. ऑगस्ट २०२२ पासून ही सूचना केवळ ॲडमिनला मिळू लागली. तथापि गेल्या ६० दिवसांत कोण बाहेर पडले याची यादी ग्रुपच्या माहितीत ठेवण्यात आली आणि ती सर्वच सदस्यांना उघडून पाहता येते.