घाई दोन मिनिटांची, जखम जन्माची

हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल आज वस्तीतल्या कितीतरी घरांचा आधार आहे. तीच कामावर नेते, तिच्यावरच डिलिव्हरीचे पोट भरते, रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर तीच उपयोगी पडते. पण आपल्या वाईट सवयींमुळे हीच गाडी घरातला कमावता माणूसही हिरावून नेते. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली. त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती.

आधी घाईचा हिशेब करू. पाच किलोमीटर जायला ताशी ४० च्या वेगाने साडेसात मिनिटे लागतात, ६० च्या वेगाने पाच. म्हणजे वाचतात अडीच मिनिटे, तीही वाटेत सिग्नल आणि गर्दी नसेल तर. आता दुसरी बाजू बघा. समोर मूल आडवे आलेले दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ४० ची गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते, ६० ची जवळजवळ १७ मीटर. ब्रेक दाबल्यावर थांबायलाही ६० च्या गाडीला दुपटीहून जास्त अंतर लागते. आपल्या गल्लीत तर घराचा उंबरा ओलांडला की रस्ता. तिथे गाडी माणसाच्या चालीनेच न्यायची.

डोक्याचा मार वेगळा का? हाताचे हाड मोडले तर प्लास्टरमध्ये जुळते. मेंदू मात्र कवटीच्या बंद डब्यात असतो. आत रक्त साकळले किंवा सूज आली तर पसरायला जागा नसते, दाब वाढतो आणि श्वास चालवणारा भागच दबतो. वाचलेल्या माणसालाही कधी बोलणे, कधी चालणे, कधी माणसे ओळखणे जमत नाही. मग त्याची सेवा करायला घरातली बाई काम सोडते, मुलीची शाळा सुटते.

हेल्मेटने मृत्यूचा धोका साधारण ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो. पण ते आयएसआय खुणेचे हवे आणि पट्टा लावलेला हवा. आरशाला अडकवलेले हेल्मेट फक्त आरशाचे रक्षण करते. मागे बसणाऱ्या ताईलाही हेल्मेट हवे, आणि पदर-ओढणी चाकात जाणार नाही अशी खोचलेली हवी. चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे.

उलट दिशेने घुसणे, ट्रिपल सीट, कानाला मोबाइल, समोरच्याच्या डोळ्यांवर अप्पर लाइट, पिऊन गाडी चालवणे, याला काही जण हिंमत समजतात. आयांनो, पोराच्या हौसेपायी चावी देऊ नका. लायसन्स नसलेल्या अठराखालच्या मुलाने गाडी चालवली तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

रस्त्यावरचा सभ्यपणा म्हणजे अपघाताआधीचे औषध आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. झेब्रा पट्ट्यावर थांबा. म्हाताऱ्या माणसाला आधी जाऊ द्या. हातगाडीवाल्यामागे हॉर्न वाजवत बसू नका. त्याच्या गाडीला ब्रेक नसतो. रुग्णवाहिकेला वाट द्या, पण तिच्या मागे लागून स्वतःची वाट काढू नका. कुणी चुकला तर शिवी देण्याऐवजी गाडी बाजूला घ्या.

अपघात दिसला तर १०८ ला फोन लावा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, मान हलवू नका. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, गुंगी, कानानाकातून रक्त किंवा बरळणे दिसले तर "झोपू द्या, बरं वाटेल" म्हणू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. पोलिसांच्या लफड्याची भीती बाळगू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव-पत्ता सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

या रविवारी विहारात जमाल तेव्हा एवढेच ठरवा: वस्तीच्या गल्लीत गाडी हळू, आणि हेल्मेटशिवाय चावी नाही. घराघरातल्या आयांनी आणि बहिणींनी हे धरून ठेवले, तर पोरे ऐकतील.